वाकड्या कॉलमचा पीआर टाकच

अगं, तुझा मेसेज वाचला. खर्चाच्या टूलमध्ये देवनागरी नावांपुढचा रकमेचा कॉलम वाकडा होतो, पण एवढ्याशा फिक्ससाठी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल घ्या अशी विनंती) टाकला तर मेंटेनर, म्हणजे टूल सांभाळणारे, हसतील का म्हणतेस, तर अजिबात नाही हसणार. त्या खर्चाच्या टूलमध्ये देवनागरीत नावं टाकून रोज वापरणारं कुणी असल्याशिवाय हा बग सापडतच नाही, म्हणून तो तूच सांगायला हवास.

तुझा स्क्रीनशॉट नीट बघितला. हडपसरची ओळ एकदम सरळ आहे आणि पुण्याची रक्कम तेवढी दोन घरं, म्हणजे स्क्रीनवरची दोन अक्षरांची जागा, डावीकडे सरकलीय, यातच सगळं आलं बघ. हडपसरमध्ये मात्रा नाही, पाच अक्षरं, पाच घरं. पुणे स्क्रीनवर दोनच घरं घेतं पण पायथनचं लेन (लांबी मोजणारं फंक्शन) त्याचे चार मोजतं, प, उकार, ण आणि मात्रा असे वेगवेगळे, म्हणून टूल दोन स्पेस कमी भरतं. बाइट मोजत असतं तर हडपसरही बिघडलं असतं, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आपलं एकेक अक्षर, उकार, मात्रा ३ बाइटची, पुणे १२ बाइटचं होतं. हे असंच्या असं इश्यूमध्ये, म्हणजे मेंटेनरना पाठवायच्या तक्रारीत, लिही, दोन ओळींचा इनपुट आणि त्याचं आउटपुट जोडून. नुसतं 'मराठी नीट दिसत नाही' लिहिलंस तर समोरच्याला काही करताच येत नाही, त्याला बिचाऱ्याला देवनागरी वाचताही येत नसेल.

आणि हा फक्त आपला प्रॉब्लेम नाहीये हेही सांग. टोकियो जपानीत लिहिलं तर अक्षरं दोन आणि घरं चार, म्हणजे तिथे कॉलम उलट्या बाजूला सरकतो. एकाच फिक्समध्ये दोघांचं काम होतं.

फिक्स म्हणजे लेनच्या जागी डब्ल्यूसीविड्थ लायब्ररीचं स्क्रीनवरची घरं मोजणारं फंक्शन, पण नवीन डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरची लायब्ररी, आणायच्या आधी इश्यूमध्ये विचारून घे, लोकांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे, पुढची कित्येक वर्षं सांभाळायची त्यांनाच असते. आधी लॉकफाइल (टूल वापरतं त्या सगळ्या पॅकेजची यादी) बघ, कधीकधी ती दुसऱ्या कुठल्या पॅकेजबरोबर आलेलीच असते. एक खाचखळगा सांगून ठेवतो, नावात टॅबसारखं कंट्रोल कॅरेक्टर असलं तर ते फंक्शन उणे १ देतं आणि तुझं पॅडिंग (भरायच्या स्पेस) आणखीच बिघडेल, तेवढी केस हाताळ. टेस्ट आधी लिही, पुणे आणि हडपसर दोन्ही घालून, ती फेल होताना डोळ्यांनी बघ आणि मगच कोडला हात लाव.

स्वारगेटसारख्या नावाच्या नादी आत्ता लागू नकोस. जोडाक्षरं आणि काना-वेलांटी वेगवेगळी टर्मिनल (कमांड टाइप करायच्या खिडक्या) वेगवेगळी दाखवतात, तो गुंता या पीआरमध्ये आणलास तर हा साधा फिक्सही अडकून पडेल. हे अजून बाकी आहे अशी एक ओळ डिस्क्रिप्शनमध्ये टाक, बस. तसंच जाता जाता एडिटरने अख्खी फाइल फॉरमॅट केली असेल तर ते बदल काढून टाक. रिव्ह्यू करणारा माणूस दिवसभराची नोकरी करून रात्री बसलेला असतो, त्याला दहा ओळींचा डिफ (काय काय बदललं ते) दिसला तर तो आजच वाचेल, चारशेचा दिसला तर ब्राउझरचा टॅब उघडा राहील आणि महिनाभर तसाच राहील.

ते दुसरं, फाइल सापडली नाही तरी एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) ० येतो ते, वेगळ्या पीआरमध्ये. मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडचं बघ, सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, एरर आली तर २, म्हणून स्क्रिप्टमध्ये त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. पण कोड बदलला की कुणाची तरी चालू स्क्रिप्ट थांबू शकते, म्हणून चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) नोंद हवीच, आणि एररचा मेसेज स्टँडर्ड एररवर (एररसाठीच्या वेगळ्या वाटेवर) जायला हवा, नाहीतर तो पाइपमधून पुढच्या कमांडच्या पोटात जातो.

रिव्ह्यूच्या कमेंट आल्या की हिंजवडीच्या बसमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवरून उत्तरं देत बसू नकोस, घरी येऊन बदल चालवून बघ आणि मग लिही. दोन आठवडे काहीच आलं नाही तर एकदा सभ्यपणे आठवण कर. टेस्ट लिहून झाली की मला पाठव, रविवारी कोथरूडला ये, डिफ एकत्र वाचू.