ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणानं समलिंगी आकर्षण असल्याचं सांगितलं, तर पाळकानं काय करावं?

वडोदऱ्याच्या मराठी मंडळीतल्या २२ वर्षांच्या मुलानं तुम्हाला हे सांगितलंय. शिकवण न सोडता त्याला कसं जवळ ठेवायचं, हा तुमचा प्रश्न.

पहिल्या भेटीत बायबलमधली वचनं काढू नका. तासभर ऐका आणि शेवटी एवढंच विचारा, "हे अजून कोणाला ठाऊक आहे?" मंडळी लहान असते, 'प्रार्थनेचा विषय' म्हणून नाव घेतलं की उपासनेनंतरच्या चहापर्यंत सगळीकडे पोचतं. (चुगलीला प्रार्थनेचा झगा घालण्यात आपण पटाईत.) आईवडिलांनाही त्याच्या परवानगीशिवाय सांगू नये.

शिकवणीवर बोलताना आकर्षण आणि कृती वेगळी ठेवा. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २३५८ आदर नि करुणा मागतो, २३५९ शुद्धतेचं, म्हणजे शरीरसंबंधापासून दूर राहण्याचं, पाचारण करतो. दोन्ही सोबत वाचा. पण अविवाहित राहा म्हणायचं, तर सणाला त्याचं पान कुणाच्या घरी, तापात डबा कोण नेणार, हेही मंडळीनंच बघायचं.

'हे आकर्षण बरं करू' म्हणू नका. तेच सांगणारी अमेरिकेतली ख्रिस्ती संस्था एक्सोडस इंटरनॅशनल २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. 'लग्न लावून द्या' हा सल्ला तर एका मुलीचाही घात करतो.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका; त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.