वाळवीची खिडकी बदलताना

प्रश्न : परभणीत आमचं जुनं घर आहे. लाकडी खिडक्यांना वाळवी लागलीय. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवल्या तर उन्हानं वाकतील का?

उत्तर : ताई, खुशाल बसवा, पण मापात घाई नको. लातूरच्या घरी मी एकाच जागी टेप धरली. चौकट बसेना, गवंड्यानं भिंतीची कड फोडली. रुंदी वर, मध्ये, खाली मोजा. सर्वांत कमी मापातून 10 मिलिमीटर वजा करा, मगच ऑर्डर द्या. उंचीचंही तसंच.

ऊन म्हणाल, तर चौकटीचा कापलेला तुकडा मागून बघाच. आत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) लोखंडी पट्टी हवी, तीच चौकट सरळ धरते. रंग पांढरा, गडद जास्त तापतो. सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून निजायच्या खोलीला झडपेचीच घ्या. अन् खालची पाणी जायची भोकं सिलिकॉननं बुजवू देऊ नका.