आधी अर्ज, मग पोस्टर

सप्रेम नमस्कार,

तुझा मेल वाचला. परदेशी पेटंटात पैसे घालायचे की त्यात नवा फर्मेंटर (जिवाणू वाढवायची टाकी) घ्यायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण शेवटी जाता जाता लिहिलंयस, ‘पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर लावतोय.’ त्या ओळीने धडकी भरली.

जनुकं जोडण्याचं तंत्र कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर 1973 मध्ये छापलं. कोहेनच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने पेटंटचा अर्ज केला नोव्हेंबर 1974 मध्ये, छापल्यावर अर्ज करायला अमेरिकी कायदा देतो ती वर्षाची सवलत संपता संपता. तिथलं पेटंट मिळालं, त्यावर पुढे सुमारे 25 कोटी डॉलर आले. अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र निबंध छापून आला तेव्हाच गेले होते. युरोपात अशी वर्षाची सवलत नाही. परिषदेतल्या सारांशांची (ॲबस्ट्रॅक्ट) पुस्तिका पोस्टरच्या आधी ऑनलाइन आली, तर घात त्याच दिवशी.

तुमच्याकडे ना मोठा कारखाना, ना विक्रीची फौज. विकायला आहे तो हक्क. भारतातलं पेटंट जर्मनीत चालत नाही, आणि अर्ज तर 18 महिन्यांनी जगजाहीर होतो. म्हणजे तिथल्या कंपनीने तुमचाच तपशील वाचून बिनधास्त माल काढावा! तिथे हक्कच नसेल तर ती लायसन्स कशाला घेईल?

खर्चाची धास्ती घेतली आहेस ती सगळे देश एकदम डोळ्यांपुढे आणून. भारतात प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज कर, 12 महिन्यांत पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज. मग पहिल्या अर्जाच्या तारखेपासून साधारण 30 महिने मिळतात देश ठरवायला. मधे शोध-अहवाल येतो: तुमचं काम कितपत नवं, यावर परक्या माणसाने दिलेलं मत. तो कडू असेल तर तिथेच थांबता येतं. देश निवडताना दोनच गोष्टी बघ: गिऱ्हाईक कुठे विकणार, आणि स्पर्धक कुठे बनवू शकेल. तीन देश पुरेत. जपान-चीनमध्ये नुसता अनुवादच खिसा हलका करतो. स्लाइडवर दहा झेंडे लावायची हौस माझ्या मते गुंतवणूकदारांसाठी असते, धंद्यासाठी नव्हे.

स्ट्रेनचं, म्हणजे तुमच्या जिवाणूच्या वाणाचंही बघ. जमिनीत सापडला तसाच जिवाणू असेल तर भारतात आणि अमेरिकेतही त्यावर पेटंट नाही. तुम्ही त्यात केलेला बदल आणि प्रक्रिया, त्यावर क्लेम्स (नेमका कशावर हक्क मागतो ती कलमं) लिहून घे. अर्जाआधी तो जिवाणू पुण्यातल्या एमसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात जमा कर. बुडापेस्ट करारामुळे तेवढी एकच जमा सगळ्या सदस्य देशांत चालते. नमुना भारतातल्या मातीतला आहे, तेव्हा जैवविविधता प्राधिकरणाचं कामही आत्ताच पेटंट एजंटच्या कानावर घाल.

एजंटकडे जाताना लॅबच्या वह्या ने, प्रेझेंटेशन नको. सुरुवातीचं काम विद्यापीठाच्या लॅबमध्ये झालं होतं ना? मग हक्क कंपनीच्या नावावर झाल्याचा सहीचा कागद आधी मिळव. लायसन्स घेणाऱ्याचा वकील तोच मागेल.

तुझा,
काका