आर्लिंग्टन, टेक्सास: गाडी न घेता मुलीचं निभेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी ऑगस्टमध्ये यूटीएला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट आर्लिंग्टनला, एमएससाठी येतेय. चार लाख वस्तीच्या त्या शहरात साधी सिटी बस नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. सांगलीत स्कूटीशिवाय काही न चालवलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचं तिथं गाडीशिवाय निभेल का, ही तुमची काळजी. सांगणाऱ्यानं खरंच सांगितलंय. ठरलेल्या मार्गावरून ठरलेल्या वेळेला धावणारी शहराची बस आर्लिंग्टनमध्ये नाही. तरी पहिलं वर्ष निभेल. मात्र ते सगळं घर कुठं घेता त्यावर अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी इथं २०११ साली आले. नवरा यूटीएत शिकत होता आणि माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. गाडीही नव्हती. मी मूळची कराडची. आमच्याकडं हमरस्त्याला जाऊन उभं राहिलं की काहीतरी येतंच. एसटी येते, वडाप येतं, नाहीतर ओळखीचं कुणीतरी गाडी थांबवतं. इथं पहिल्याच आठवड्यात मी अशीच कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले होते. समोर सहा पदरी रस्ता, गाड्यांची रांग तुटत नव्हती, आणि अर्ध्या तासात पायी जाणारं एक माणूस दिसलं नाही. किराणा दुकान दोन मैलांवर, म्हणजे सव्वातीन किलोमीटर. कराडात एवढं अंतर मी कधी मोजलंही नसतं. इथं ऑगस्टचं ऊन अडतीस-चाळीस अंशांचं, रस्त्याला झाड नाही, फूटपाथ मध्येच संपतो आणि मग गवतातून चालायचं. दुधाचा कॅन घेऊन एकदा परतले ती दुपार मला अजून आठवते. नंतर कितीतरी महिने मी एकटी घराबाहेर पडले नाही. भीती कसलीच नव्हती, जायला वाटच नव्हती.

हे असं का, हे मुलीला कळलेलं बरं. नाहीतर "अमेरिकेत असंच असतं" एवढ्यावर सगळे गप्प होतात. शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टनमध्ये असं नाही. शेजारच्या डॅलसमध्येही रेल्वे आणि बस आहेत. आर्लिंग्टन डॅलस आणि फोर्टवर्थच्या बरोबर मधे बसलंय, आणि १९०२ ते १९३४ ह्या काळात ह्या दोन शहरांमधली विजेवरची गाडी आर्लिंग्टनमधूनच जायची. गाव लहान होतं तेव्हा गाडी होती! १९५० साली इथली लोकसंख्या आठ हजारसुद्धा नव्हती. मग १९५४ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, १९५७ मध्ये डॅलस-फोर्टवर्थ टोल रस्ता झाला, १९६१ मध्ये सिक्स फ्लॅग्स हा करमणुकीचा बाग उघडला. शहर वाढलं ते मोटारीच्या मापानं. घरं एकीकडं, दुकानं दुसरीकडं, कचेऱ्या तिसरीकडं, आणि मधे वाहनतळांची मैदानं. आज जवळजवळ ९९ चौरस मैलांवर ते पसरलंय.

बसचा प्रश्न मतदानाला गेलाच नाही असं मात्र नाही. १९८०, १९८५ आणि २००२ अशा तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा पडला. गोष्ट विक्रीकराची आहे. टेक्सासमध्ये राज्याचा विक्रीकर सव्वासहा टक्के, आणि त्यावर स्थानिक संस्था फार तर दोन टक्के लावू शकतात. डॅलस त्या दोनातला एक टक्का 'डार्ट' ह्या परिवहन संस्थेला देतं, त्यातून तिथल्या बस आणि रेल्वे चालतात. आर्लिंग्टननं आपल्या दोन टक्क्यांचे तुकडे वेगळे केले. काही भाग रस्त्यांच्या दुरुस्तीला गेला. २००४ मध्ये मतदारांनी अर्धा टक्का काउबॉइज संघाच्या फुटबॉल स्टेडियमसाठी मंजूर केला, आणि २०२० मध्ये पाव टक्का आर्थिक विकासाच्या महामंडळाला. दोन टक्के भरले. आता बससाठी कर लावायचा म्हटलं तर आधी दुसऱ्या कुणाच्या ताटातलं काढावं लागेल. म्हणजे पैसा नव्हता म्हणून बस नाही, हे खरं नाही. पैसा दुसरीकडं द्यायचं ठरलं.

मतदारांना मी नावं ठेवत नाही. दारात दोन गाड्या असलेल्या माणसाला बसची गरज जाणवणार कशी? ज्यांना जाणवते ते विद्यार्थी, व्हिसावर आलेल्या बायका, पोरांकडं सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. ह्यांतल्या बहुतेकांना इथं मतच नाही. माझे सासरे एसटीत वाहक होते, निवृत्त झाल्यावर इथं आले. तिकडं उभा जन्म लोकांना गावोगाव पोचवणारा माणूस इथं देवळात जायलासुद्धा मुलगा कामावरून परत येईपर्यंत खुर्चीत बसून असायचा. ह्याचं मला आजही वाईट वाटतं. फ्रिस्कोसारख्या ज्या उपनगरांत मराठी घरं खूप आहेत, तिथं भेटलेल्या आजी-आजोबांकडूनही मी हेच ऐकलंय. फ्रिस्कोही डार्टमध्ये नाही.

मधे एकदा बस आली होती. २०१३ च्या ऑगस्टमध्ये 'मॅक्स' नावाची बस प्रयोग म्हणून सुरू झाली. ती विद्यापीठाजवळून निघून स्टेडियमच्या भागातून सेंटरपोर्ट स्टेशनला जायची. सेंटरपोर्टला ट्रिनिटी रेल्वे एक्स्प्रेस मिळते, म्हणजे टीआरई, जी फोर्टवर्थहून डॅलसला जाते. ह्या बसमधून मी पहिल्यांदा एकटी डॅलसला गेले, नवऱ्याला न विचारता, कुणाकडं लिफ्ट न मागता. २०१७ च्या अखेरीस ती बंद झाली आणि तिच्या जागी व्हॅन आली. तुमच्या मुलीच्या कामाची आता तीच.

ही व्हॅन म्हणजे ॲपवरचं वडाप समजा. फोनवरून बोलवायची, ती जवळच्या एखाद्या कोपऱ्यावर उभं राहायला सांगते, वाटेत आणखी दोघाचौघांना घेते आणि सोडते. आधी शहराच्या थोड्या भागात होती, जानेवारी २०२१ पासून शहरभर झाली. तेव्हा भाडं अंतराप्रमाणे ३ ते ५ डॉलर होतं. सेंटरपोर्ट स्टेशनलाही ती सोडते, म्हणजे तिथून पुढं डॅलस उघडं. पण वडापाशी तुलना इथंच संपते. वडाप भरलं की सुटतं आणि मागून दुसरं लागतं. ही व्हॅन किती वेळात येईल ते त्या वेळी किती जण बोलावतायत त्यावर ठरतं, म्हणून परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी बरीच आधी बोलवायची. वेळा सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते रात्री ९, शनिवारी ९ ते ९, आणि रविवारी बंद. येण्याआधी वेळा आणि भाडं एकदा तपासून घ्या. टीआरईसुद्धा रविवारी धावत नाही. ह्याचा अर्थ बाजारहाट शनिवारी उरकायचा आणि रात्री ९ नंतर प्रयोगशाळेतून परतायचं झालं तर घर चालत जाण्याइतकं जवळ हवं.

म्हणून घर. मुलांचा कल स्वस्त अपार्टमेंटकडं असतो. महिन्याला शंभर डॉलर वाचतात म्हणून चार मैल लांबचं घर घेतात आणि पुढं उबरमध्ये त्याहून जास्त घालवतात. तिला सांगा, उत्तरेला अब्राम स्ट्रीट आणि दक्षिणेला मिचेल स्ट्रीट ह्या दोन रस्त्यांच्या मधे किंवा अगदी लगत घर शोध. कूपर स्ट्रीट हा मोठा रस्ता विद्यापीठाच्या मधूनच जातो, पण तिथं ओलांडायला पादचारी पूल आहेत. विद्यापीठापासून लांब गेलं की तोच कूपर पायी ओलांडणं जिवावर येतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या शटल बस काही अपार्टमेंटपर्यंत जातात, त्या मार्गावरचं घरही चालेल, पण शटल किती वाजेपर्यंत असते ते विचारूनच करार करावा. सायकल घ्यावी का? आतल्या गल्ल्यांत जरूर, मोठ्या रस्त्यांवर नको.

पहिल्या सत्रात गाडी घेऊ नये असं माझं मत आहे. विमा, दुरुस्ती, पेट्रोल हे सगळं नव्या मुलीच्या डोक्यावर नको, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास कॅम्पसवर काम करता येतं, त्यात गाडी पोसणं अवघड. पण लायसन्सची तयारी लगेच सुरू करावी. १८ ते २४ वयाच्या माणसाला टेक्सासमध्ये लायसन्सआधी सहा तासांचा अभ्यासक्रम करावा लागतो, तो तिला लागेल. इथं येऊन राहिल्यावर भारतातलं लायसन्स फार तर नव्वद दिवस चालतं, तरी असलेलं बरं. निघण्याआधी सांगलीत चारचाकी शिकून घेतली तर निम्मं काम झालं. तिकडं वाहतुकीत जो हात बसतो तो इथं उपयोगी पडतो, फक्त बाजू उलटी.

इंटर्नशिपच्या वेळी मात्र खरी ओढाताण होते. नोकऱ्या डॅलसच्या आसपासच्या प्लेनो, लास कोलिनास, रिचर्डसनकडं. प्लेनोला विनागाडी जायचं तर व्हॅननं सेंटरपोर्ट, टीआरईनं डॅलसचं युनियन स्टेशन, तिथून डार्टची लाल लाइन. एका बाजूला दोन तास सहज. मी ओळखत असलेल्या मुली त्या उन्हाळ्यापुरत्या डार्टच्या स्टेशनजवळ खोली घेऊन राहिल्या, मला तो मार्ग गाडी घेण्याहून शहाणपणाचा वाटला.

विमानतळावरून पहिल्या दिवशी येण्याची काळजी करू नका. विद्यापीठात भारतीय मुलांच्या संघटना आहेत, त्यातली मुलं न्यायला येतात. तिनं जुलैमध्येच त्यांना लिहावं, आणि उतरायची वेळ शक्यतो दिवसाची असू द्या.

घर ठरवताना दोन-तीन पत्ते हाती आले की इथंच टाका, फक्त रस्ता आणि चौक, घर क्रमांक नको. त्या भागात मी पायी हिंडलेली आहे. फूटपाथ कुठं तुटतो आणि रात्री दिवे कुठं नसतात, ते एकेक बघून सांगते.