बिअर पिणाऱ्याने घरी मीड करावी का?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, नुकताच बँकेतून निवृत्त झालो. शनिवारी रात्री एक बिअर, एवढंच माझं पिणं. सप्टेंबरमध्ये लेकीकडे लंडनला जातोय, मुक्काम मार्चपर्यंत. जावई हौसेने घरी बिअर बनवतो. त्याच्याच सामानावर मीड, म्हणजे मध-पाणी आंबवून केलेली दारू, करून बघावी असं डोक्यात आहे. जमली तर परत आल्यावर इथेही करीन. पण बायको म्हणते, "मालवणी विसरलात का?" बिअरवाल्याने या भानगडीत पडावं का?

उत्तर : लंडनला जरूर करा. मुलुंडला करू नका.

नकाराचं कारण आधी सांगते, कारण आपल्याकडची बरीच हौशी मंडळी ते कानाआड करतात. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. स्वतःपुरती केली, विकली नाही, तरीही. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बिअर-वाईन करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही.

तुमच्या पत्नीची भीती मला अगदी समजते. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. ते बाहेरून आणून दारूत घातलेलं होतं. मध, पाणी आणि यीस्ट आंबवून माणूस दगावेल एवढं मिथेनॉल तयार होत नाही. आंबवताना ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून येतं, तेही किंचित. एवढं त्यांना नक्की सांगा. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे दारू तापवून तिची वाफ गोळा करण्याच्या, वाटेला मात्र जाऊ नका. तो वेगळा प्रकार आहे, धोकाही वेगळा आणि कायदाही.

आता चवीचं. मध म्हटलं की लोक गोड पेय धरून चालतात, पण साखर तर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो फुलांचा वास आणि हलकी आंबट-कोरडी चव. बिअरला कडू करणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा नाही, माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, प्रथिनं नाहीत म्हणून ग्लासावर टिकणारा फेसही नाही. तुम्हाला गव्हाची बिअर आवडत असेल तर मीड आवडण्याचा संभव बराच आहे. कडक लागर बिअरच लागत असेल तर पहिला घोट फिका वाटेल. म्हणून जाण्याआधी चाखा. पुण्याची मूनशाईन आणि नाशिकची सेराना रीतसर परवान्याने मीड बनवतात. मुंबईतल्या चांगल्या वाईन शॉपमध्ये चौकशी करा आणि बाटली नीट गार करून प्या.

करताना जावयाची बिअरची सवय तुम्हाला एका ठिकाणी नडेल. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे तेव्हा दोन बरण्या शेजारी ठेवायचे. एकीत माल्टचं पाणी, दुसरीत मधाचं, यीस्ट दोन्हींत तेच. दुसऱ्या दिवशी माल्टवर फेसाचा जाड थर आणि मधाच्या बरणीत तळातून एखाद-दुसरा बुडबुडा. मुलांना वाटायचं, यीस्ट मेलं. मेलेलं नसायचं, उपाशी असायचं. माल्टमधून यीस्टला नायट्रोजन आयता मिळतो, मधात तो जवळजवळ नसतोच. उपाशी यीस्ट रेंगाळतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. तिथे घरी बिअर करण्याचं सामान विकणाऱ्या होमब्रू दुकानांत यीस्टचं खाद्य मिळतं. ते एकदम ओतू नका, पहिल्या चार-पाच दिवसांत थोडं थोडं घाला आणि दर वेळी बरणी हळूच ढवळा. वायू एकदम उसळून बाहेर येतो, म्हणून बरणी काठोकाठ भरलेली नसावी.

सुरुवात हलक्या मीडने करा. ८०० ग्रॅम मध आणि एकूण पाच लिटर होईल एवढं पाणी. साधारण सहा टक्क्यांची होईल, म्हणजे बिअरच्या जवळपास, आणि दोनेक महिन्यांत पिण्याजोगी. दीड किलो मध घातलात तर बारा टक्क्यांच्या आसपास जाईल, पण ती मुरायला सहा महिनेही कमी पडतात आणि तुमचं परतीचं तिकीट मार्चचं आहे. मध उकळू नका, वास उडून जातो. भांडी मात्र जावई बिअरसाठी करतो तितकीच निर्जंतुक हवीत. बहुतेक वाईन-यीस्टला १८ ते २० अंश मानवतं, शरदातल्या लंडनच्या घरात ते सहज जमेल. आपल्याकडच्या तिशीतल्या उकाड्यात तीच मीड नाकात झोंबणारी होते. कायदा उद्या बदलला तरी मुंबईत ही अडचण राहीलच.

मध तिथलाच घ्या, पण मधमाशीपालकाकडचा. साखरेच्या पाकाची भेसळ असलेला मध आंबतो उत्तम, हाती मात्र काहीच वास नसलेलं पाणी लागतं. महाबळेश्वरचा कारवीचा मध घरात असेल तर तो यात घालू नका. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तो मध चमच्याने खायचा.

पहिली जमली तर दुसऱ्या खेपेला जावयाला सोबत घेऊन ब्रॅगट करा. त्यात मध आणि माल्ट दोन्ही असतात, हवे तर हॉप्सही. बिअर पिणाऱ्याला मला विचाराल तर हीच खरी शोभते.

बाटल्या भरायची घाई नको. हायड्रोमीटरचं, म्हणजे द्रवाची घनता आणि त्यावरून उरलेली साखर दाखवणाऱ्या नळीचं, माप तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या, दोन्ही सारखी आली तरच भरा. बुडबुडे हवेत तर पाच लिटरला ३० ग्रॅम साखर, त्याहून जास्त नको. बाटल्या बिअरच्याच जाड काचेच्या वापरा, कारण पातळ काचेची बाटली दाबाने फुटते आणि तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरून ठेवा. ती दाबून टणक लागली की समजा आत पुरेसा वायू झाला. मग सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा.