‘ताब्यात घेतले’ म्हणजे अटक केली का?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातून एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या गावची चार माणसे तेलंगणातून मिरची तोडण्याचे काम आटोपून परत येत असताना वाटेतल्या एका पोलीस ठाण्यात त्यांना संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत बसवून ठेवण्यात आले, आधार कार्डे उलटसुलट करून पाहण्यात आली आणि कोणताही कागद हातात न देता सोडून देण्यात आले. वृत्तपत्रात ‘चार संशयित ताब्यात’ एवढीच ओळ आली. आता त्यांच्या वतीने पोलीस अधीक्षकांना अर्ज लिहायचा आहे. त्यात ‘ताब्यात घेतले’ लिहावे, ‘अटक केली’ लिहावे की ‘स्थानबद्ध केले’, असे त्यांनी विचारले आहे. अमेरिकेतून परत पाठवलेल्या भारतीयांच्या बातम्यांत हेच तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, त्यांतला बरोबर कोणता, हाही त्यांच्या प्रश्नाचाच भाग आहे.

हे तीन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, आणि या चार माणसांच्या बाबतीत त्यांतला फरक फार मोलाचा आहे.

‘ताबा’ हा मूळ अरबी ‘ताबि’ या शब्दापासून आलेला. ‘ताबेदार’ हा त्याच घरातला. कोणाच्या तरी अधीन असणे हा त्याचा गाभा. आपल्या खेड्यांत हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो शेतीच्या भांडणात. वावराचा ताबा एकाचा आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ही तक्रार तलाठ्यासमोर रोज येते, आणि तिथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही की ताबा म्हणजे वस्तू सध्या कोणाच्या हातात आहे एवढेच. ती हातात असण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न निराळाच राहतो. माणसाच्या बाबतीतही हा शब्द तेवढेच सांगतो. ‘पोलिसांनी ताब्यात घेतले’ या वाक्यातून माणूस पोलिसांच्या हाती आहे हे कळते; कोणत्या अधिकाराने, कधीपासून आणि कधीपर्यंत, यांपैकी काहीच कळत नाही.

‘अटक’चे तसे नाही. ‘अटकणे’ म्हणजे अडणे, चालता चालता खुंटणे. ‘अटकाव’ त्यातूनच आला. कायद्याने हा शब्द उचलला आणि त्याच्या मागे कर्तव्यांची एक मोठी रांग उभी केली. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे सांगावी लागतात, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात आणखी भर घातली : अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचे, ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कारणे सांगणे, घरच्यांना कळवणे आणि २४ तासांची मर्यादा ही कलमे कायम आहेत. म्हणून ‘अटक’ हा शब्द उच्चारला की घड्याळ सुरू होते. ‘ताब्यात घेतले’ म्हटले की निदान वाचणाऱ्याच्या मनातले घड्याळ तरी बंदच राहते.

हे घड्याळ नेमके केव्हा सुरू होते, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशक हुसेन अल्लाह देठा प्रकरणात दिले आहे. माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन पडते त्या क्षणी अटक सुरू होते; अधिकारी कागदावर कोणती वेळ लिहितो, यावर ती ठरत नाही. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दीपक महाजन प्रकरणात म्हटले की प्रत्येक अटकेत ताबा असतोच, पण प्रत्येक ताबा ही अटक असतेच असे नाही. आपण होऊन न्यायालयात हजर झालेला माणूस न्यायालयाच्या ताब्यात जातो. त्याला पोलिसांनी अटक केलेली नसते. तेव्हा ‘ताबा’ हा शब्द कायद्याला परका नाही. आक्षेप आहे तो अटकेच्या जागी, अटकेची कर्तव्ये टळावीत अशा रीतीने तो वापरला जातो याला.

आपल्याकडच्या तालुका बातम्यांतले ठरावीक वाक्य पाहा : ‘संशयास्पदरीत्या फिरणाऱ्या चौघांना ग्रामस्थांनी पकडून पोलिसांच्या ताब्यात दिले, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन चौकशी केली व नंतर सोडून दिले.’ या एका वाक्यात स्वातंत्र्य दोनदा हिरावले गेले आहे आणि दोन्ही वेळा ते एकाच मऊ शब्दाखाली झाकले गेले आहे. खाजगी माणसाला दुसऱ्याला अटक करण्याचा अधिकार कायदा देतो, पण तो त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा समोरचा उद्घोषित अपराधी, म्हणजे न्यायालयाने जाहीर केलेला फरारी, असेल तरच. आणि नव्या संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावे लागते. ‘संशयास्पदरीत्या फिरणे’ यात बसत नाही. तसेच ‘संशयित’ म्हटले की संशय कशाचा, हा प्रश्न मागोमाग आला पाहिजे. तो या बातमीत नाही, आणि वाचकांच्या पत्रातल्या ओळीतही नाही.

लोकांची बोली या बाबतीत वर्तमानपत्रांपेक्षा प्रामाणिक आहे. वऱ्हाडीत कोणी ‘ताब्यात घेतलं’ म्हणत नाही; ‘पोलिसाईनं त्याले धरून नेलं’, ‘रातभर ठाण्यात बसवून ठेवलं’ असे म्हणतात. ‘बसवून ठेवलं’ या क्रियापदात जबरदस्ती स्पष्ट आहे : बसणारा आपल्या मर्जीने बसलेला नाही. अर्जात हे शब्द जसेच्या तसे यायला काहीच हरकत नाही.

‘चौकशीसाठी बोलावले’ हा चौथा शब्दप्रयोगही इथेच तपासला पाहिजे. साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलावता येते, परंतु स्त्रीला, १५ वर्षांखालील मुलाला आणि ६० वर्षांवरील पुरुषाला त्यांच्या राहत्या घराव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहायला लावता येत नाही. हे संरक्षण किती गरजेचे आहे ते विदर्भाला वेगळे सांगायला नको. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी जबाबासाठीच आणली गेली होती. तिच्यावर तिथे झालेल्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७८ मध्ये आरोपींच्या सुटकेने संपला, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. ती ‘अटकेत’ नव्हती. अटकेत नसलेल्या माणसाचे ठाण्यात काय होते, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

आता माझ्या काळजीचा भाग. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नसलेले एक कलम नव्या संहितेत आले आहे, कलम १७२. प्रतिबंधक कारवाईच्या संदर्भात पोलिसाने दिलेला कायदेशीर आदेश न पाळणाऱ्या किंवा त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसाला पोलीस अडकवून ठेवू शकतात किंवा तेथून हटवू शकतात; मग एकतर त्याला दंडाधिकाऱ्यासमोर न्यायचे, किंवा प्रकरण किरकोळ असेल तर २४ तासांच्या आत शक्य तितक्या लवकर सोडायचे. म्हणजे अटक न म्हणता माणसाला ठेवून घेण्याला आता कायद्यात एक जागा मिळाली. कलमाला मर्यादा आहेत. पण ‘किरकोळ’ कशाला म्हणायचे हे ठरवणारा पहिला माणूस तोच पोलीस आहे, आणि सोडून दिलेल्या मजुराची बाजू ऐकायला दंडाधिकारी कधी समोर येतच नाही. अशा वेळी आपण लिहिणाऱ्यांनी तरी ‘ताब्यात’ या शब्दाने ही फट आणखी रुंद करू नये.

‘स्थानबद्धता’ हा संस्कृतातून घडवलेला शब्द. तो गुन्हा केल्याबद्दल नव्हे, तर पुढे काही करू नये म्हणून डांबून ठेवण्यासाठी आहे. विदर्भातल्या वाचकाला तो ‘एमपीडीए’च्या, म्हणजे धोकादायक कारवायांना आळा घालणाऱ्या कायद्याच्या, बातम्यांतून चांगला परिचित आहे; १९८१ च्या या राज्य कायद्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. २४ तासांचा नियम इथे लागू नसतो, म्हणून तर हा शब्द जपून वापरावा. गंमत म्हणून कोणी ‘नेत्यांना घरातच स्थानबद्ध केले’ लिहिते, तिथे बहुधा लेखी आदेशच नसतो; मग ती स्थानबद्धता नसून नुसती अडवणूक असते.

स्थानबद्धतेच्या बाबतीत भाषेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा एक निकाल नागपूरशी जोडलेला आहे. १९६१ मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या गृहस्थांना स्थानबद्ध केले आणि कारणे इंग्रजीत दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवले की कारणे ‘कळवणे’ म्हणजे त्या माणसाला ती खरोखर समजणे, आणि त्याला न येणाऱ्या भाषेतला कागद हाती देणे म्हणजे कळवणे नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात हेच तत्त्व सर्व गुन्ह्यांतील अटकेला लागू झाले : कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. भामरागडच्या माडिया बोलणाऱ्या माणसासाठी ही भाषा मराठी असेलच असे नाही, ही गोष्ट आपण मराठी लिहिणाऱ्यांनीच आधी बोलून दाखवली पाहिजे.

परकीयांच्या कायद्यात ही शब्दांची निष्काळजी आणखी महाग पडते. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परकीय नागरिकांचा नवा कायदा लागू झाला. त्यात हेड कॉन्स्टेबल व त्याहून वरच्या दर्जाचा पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, आणि आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार, जुन्या कायद्याप्रमाणेच, त्या माणसावर राहतो. ज्याच्याकडे जन्मदाखला नाही अशा मजुराची इथे काय अवस्था होईल ते सांगायला नको. तरीही बातमीत चौकशीच्या आधीच ‘घुसखोर’ छापले जाते. ‘लाचखोर’, ‘चहाडखोर’ यांप्रमाणे ‘-खोर’ हा फार्सी प्रत्यय माणसाच्या एका कृतीला नव्हे तर त्याच्या खोडीला, स्वभावाला चिकटतो. नागरिकत्व कायद्याचा शब्द ‘अवैध स्थलांतरित’ असा आहे, आणि तोही निर्णयानंतरच वापरण्याजोगा. गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनेच वसवले आहे. बंगाली बोलतो म्हणून ‘घुसखोर’ म्हटले, तर शेजाऱ्यालाच परका ठरवल्यासारखे होईल. प्रश्नकर्त्यांच्याच तालुक्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. आपण त्यांना सहज ‘निर्वासित’ म्हणतो आणि बोलण्यात ते योग्यच आहे. पण भारताने निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्या कायद्यात निर्वासितांचा स्वतंत्र वर्ग नाही, त्यामुळे कागदावर ते परकीय नागरिक ठरतात. म्हणूनच अनुच्छेद २१ आणि २२ मध्ये ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, हे महत्त्वाचे.

अमेरिकेविषयी थोडक्यात. तिथल्या आप्रवास कायद्यात माणसाला वॉरंटवर अटक करून निर्णय होईपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद आहे, म्हणून ‘अटक करून स्थानबद्ध केले’ हे मराठी बरोबर; पहिला शब्द पकडण्याला, दुसरा पुढे ठेवण्याला. ही प्रक्रिया फौजदारी नसून दिवाणी स्वरूपाची असते आणि सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, त्यामुळे ‘आरोपी’ लिहू नये. ‘वॉरंट’ लिहिताना मात्र ते कोणाचे हे सांगावेच : तिथल्या आयसीई या यंत्रणेच्या नेहमीच्या वॉरंटवर न्यायाधीशाची नव्हे, खात्याच्या अधिकाऱ्याची सही असते, आणि तेवढ्यावर कोणाच्या घरात शिरता येते का, यावरूनच तिथले नागरिक अस्वस्थ आहेत. ‘खात्याचे वॉरंट’ आणि ‘न्यायालयाचे वॉरंट’ असे दोन शब्दप्रयोग रूढ करावेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, त्या वेळी छापलेला ‘हद्दपार’ हा शब्द चालण्यासारखा आहे. फक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याखालची हद्दपारी, जिला आपण तडीपारी म्हणतो, ती जिल्ह्याबाहेरची आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, म्हणून परदेशाच्या बातमीत ‘देशाबाहेर हद्दपार’ असे पूर्ण लिहावे. बेड्या घालून आणलेल्यांसाठी ‘मायदेशी रवानगी’ लिहिणे मला मुळीच मान्य नाही.

आता अर्ज. पहिल्या वाक्यात वृत्तपत्राचा शब्द घेऊ नये. असे लिहावे : ‘अमुक तारखेस सायंकाळी इतक्या वाजता आम्हाला ठाण्यात नेण्यात आले व दुसऱ्या दिवशी दुपारी इतक्या वाजेपर्यंत बसवून ठेवण्यात आले. या काळात आम्हाला तेथून जाण्याची मोकळीक नव्हती. सबब ही अटक होती. अटकेची कारणे आम्हाला लेखी कळवण्यात आली नाहीत, घरी कळवण्यात आले नाही आणि पंचनामा करण्यात आला नाही.’ त्याखाली ‘त्या दोन दिवसांच्या ठाणे डायरीतील नोंदींची प्रत मिळावी’ ही मागणी स्वतंत्र ओळीत करावी आणि माहिती अधिकार कायद्याखाली वेगळा अर्जही द्यावा. ठाण्यात सीसीटीव्ही असल्यास त्या वेळेचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच अर्जात करावी. ती राहिली तर चित्रण पुसले जाऊ शकते. आवक शिक्का असलेली स्थळप्रत चौघांनीही स्वतःजवळ ठेवावी.