चक्रीवादळातून सावरलेल्या कुटुंबांचा सन्मान गावाने कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडचं तुमचं गाव मोडून टाकलं, ऐन टाळेबंदीत लोकांनी घरं पुन्हा शाकारली, सुपारी-नारळाच्या वाड्या पुन्हा लावल्या. आता ग्रामपंचायतीला त्या कुटुंबांचा गौरव करायचा आहे, आणि शाल-श्रीफळाच्या पुढचं काहीतरी करावं असं तुम्हाला वाटतं.

मी समुद्रापासून फार लांबचा, धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातला. आमच्याकडे वादळ आलं नाही, भूकंप झाला. पण ज्यांचा गौरव करतात त्यांच्या रांगेत आमचं घर दरवर्षी बसलेलं असतं, म्हणून तिथून काय दिसतं ते सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या कुटुंबांना जे कळलेलं आहे ते त्यांना विचारा, लिहून घ्या आणि त्यातलं काही प्रत्यक्ष करा. सत्काराचं नंतर बघू.

आमचं थोडं सांगतो. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची मिळून 52 गावं भुईसपाट झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. वर पाऊस. सरणाला कोरडं लाकूड मिळेना, एकेका सरणावर घरंच्या घरं ठेवली. याहून जास्त त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही, कारण सगळे तेवढंच विचारतात. दर 30 सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मानवंदना होते, पत्रकार येतात, आणि आमच्या चुलतीसमोर माईक धरून म्हणतात, "काकू, त्या रात्रीचं सांगा." ती सांगते. मग रात्रभर तिला झोप लागत नाही. एकदा ती मला म्हणाली, "त्या रातीचंच इचारतेत सगळे. पुढं काय केलं, कसं केलं, ते कुणी इचारना."

तुमच्या कार्यक्रमाची सुरुवात त्या "पुढं काय केलं" पासून करा.

आमच्याकडे पुढं काय झालं ते इतकं मोठं आहे की त्याच्यापुढे ती रात्र लहान वाटावी. आधी पत्र्याची शेडं. त्यात बाळंतपणं झाली, लग्नं झाली. ज्यांची बायको गेली आणि ज्यांचा नवरा गेला अशांची भावकीनं पुन्हा लग्नं लावून दिली, दोन्हीकडची लेकरं एका ताटात जेवायला लागली. कंबरेखालून लुळी पडलेली माणसं घराघरात होती, त्यांना उचलणं, धुणं, खाऊ घालणं हे कुणाच्याही यादीत न आलेलं काम बायकांनी वर्षानुवर्षं केलं. सुमारे 1200 मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं. माझा एक मित्र त्यातलाच आहे. आज चांगल्या नोकरीत आहे, पण स्टेजवरून "भूकंपातला अनाथ" अशी ओळख करून दिली की त्याचा चेहरा उतरतो. त्याला त्याच्या कामानं ओळखलेलं आवडतं. तुमच्याकडेही असं कुणी असेल, तर आधी विचारून घ्या की त्याची ओळख कशी करून द्यायची.

आता भिंतींचं सांगतो. हे जरा लांबेल, पण माझ्या मते सन्मानाचा खरा मुद्दा इथेच आहे.

आमची जुनी घरं दगड-मातीची. दोन-अडीच फूट जाड भिंत, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे खडे आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी सरांवर फळ्या आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, त्यामुळे आजोबांच्या काळापासूनचं ओझं डोक्यावर साचलेलं. जमीन हलली तशी भिंत मधून फाटली, दगड आत कोसळले आणि माळवद वरून बसलं. कितीतरी ठिकाणी खणाचे लाकडी खांब तसेच उभे होते आणि भोवतीच्या भिंती गेल्या होत्या.

सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन हाती घेतलं. 52 गावं नव्या जागी वसवली. घर जमिनीच्या हिशेबानं मिळालं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्याला 750. पण त्यापलीकडे शेकडो गावांत जवळपास दोन लाख घरं अशी होती की पडली नव्हती, पण तडकली होती. ती मालकांनीच दुरुस्त आणि मजबूत करायची, सरकार पैसे आणि इंजिनिअर देणार. लोकांना हे पटवणार कोण? त्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला बरोबर घेऊन गावागावांतल्या बायकांना संवाद सहायक नेमलं. माझी चुलती त्यातली एक.

तोवर ती डोक्यावरचा पदर न ढळू देता उंबऱ्याच्या आत वागलेली बाई. तिनं शिकून घेतलं की भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड कसे बसवायचे, दाराच्या वरून चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा कशाला लागतो, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार कसा द्यायचा. सगळ्यात अवघड होतं माळवदावरची माती उतरवायला लावणं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या मातीमुळेच घर गार राहतं, लोक कशाला उतरवतील? ती घरोघरी बसली, बायकांशी बोलली. पुरुष ऐकत नसतील तर सासूला गाठायची. ज्या घरात तिला आधी कुणी बसा म्हणत नव्हतं, तिथले लोक गवंड्यावर विश्वास नसला की तिला बोलवायला यायचे.

मग 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या या बायकांना तिकडे बोलावलं गेलं. चुलती गेली. मोडक्या हिंदीत तिथल्या बायकांशी बोलली. पैसे येईपर्यंत काय करायचं, घर कुणाच्या नावावर करून घ्यायचं, गवंडी घाई करत असेल तर कुठे थांबवायचं, हे सगळं तिनं सांगितलं. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूलाही आमच्याकडच्या बायका गेल्या. घरात तिच्या शाली पेटीत घड्या घालून ठेवल्यात, त्यांचा विषयही ती काढत नाही. कच्छचं मात्र आल्या-गेल्याला सांगते, आणि सांगताना ताठ बसते. तिथे ती मदत मागायला गेली नव्हती, तिच्याकडे काहीतरी होतं म्हणून तिला बोलावलं होतं. एवढा मान तिला दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमानं दिलेला मी पाहिला नाही.

म्हणून तुम्हाला आग्रहानं सांगतो, गावात फिरून विचारा. कुणाचे पत्रे उडाले, कुणाचे टिकले, टिकलेल्यांनी ते कशाला आणि कसे बांधले होते? कौलांचं काय झालं? कोणतं झाड कोणत्या बाजूला पडलं, घराला किती जवळ होतं? कोणत्या पक्क्या घरात किती शेजारी जमले, आणि कोरोनाची भीती असताना त्या घरानं दार उघडलं कसं? वीज किती दिवस नव्हती आणि तोवर विहिरीचं पाणी कसं काढलं? ज्या बाईनं आडवी पडलेली वाडी तोडून, साफ करून पुन्हा सुपारी-नारळाची रोपं लावली, तिनं ते फळ येईपर्यंतच्या वर्षांत घर कशावर चालवलं? 2021 च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आधीच्या वर्षाच्या अनुभवानं लोकांनी काय वेगळं केलं? हे सगळं तुमच्या लोकांना तोंडपाठ आहे. दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या जोड्या करा, एकेका घरी पाठवा, सांगणाऱ्याच्याच बोलीत लिहून घ्यायला सांगा. घाई नको. कुणाला बोलायचं नसेल तर चहा पिऊन परत यायचं, पुन्हा विचारायचं नाही. फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

कुणाची नावं घ्यायची हे ठरवताना मदतीची सरकारी यादी पुढे ठेवू नका. ती यादी नुकसानीच्या पंचनाम्यावरून बनते आणि पंचनामा मालमत्तेचा असतो. आमच्याकडे सालगड्यांची, दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्यांची, माहेरी आलेल्या लेकींची घरं अशीच सुटली. तुमच्याकडे वाडीत राबणारे मजूर, भाड्यानं राहणारे, घर नावावर नसलेल्या विधवा, होडीवर दुसऱ्याच्या हाताखाली जाणारे खलाशी असतील. सन्मानात ती कुटुंबं राहिली तर झालेला अन्याय गावासमोर पुन्हा पक्का होतो. मला याचा फार राग आहे, आणि तो जाणार नाही.

आणखी एक. कुटुंबाला विचारा की तुमचं अजून काय अडलंय. आमच्या भागात नव्या घरांच्या कबाल्यांसाठी, म्हणजे मालकीच्या कागदांसाठी, लोकांनी किती वर्षं चकरा मारल्या, ते मी लहानपणापासून बघतोय. ज्या म्हाताऱ्याचा एकीकडे सत्कार झाला, तोच दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेला मी पाहिलाय. तुमच्या ग्रामपंचायतीनं कार्यक्रमाआधी एक दिवस तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना एकत्र बसवून अडलेली पाच-दहा कामं जरी मार्गी लावली, तरी लोक त्या कार्यक्रमाला मनापासून येतील.

अडलेल्यांना नुसतं "किती धीराचे तुम्ही" म्हणत राहिलं की त्यांना मागता येईनासं होतं. धीराचा माणूस हात कसा पसरणार? म्हणून भाषणं कमी ठेवा. बाहेरच्या पाहुण्यानं पाच मिनिटं बोलावं, बाकी वेळ गावाचा. मुलांनी लिहिलेलं त्या त्या घरातल्या माणसाच्या परवानगीनं वाचावं, आणि कुणाला मधेच उठून दुरुस्ती करावीशी वाटली तर करू द्यावी. आमच्याकडे एकदा असं झालं होतं, शाळेच्या अंगणात. दोन म्हाताऱ्यांचा वाद लागला की पहिली रोटी कुठल्या गावाहून आली, आणि त्या वादात तिसराच एक गृहस्थ सांगायला लागला की त्यानं बैलगाडी भरून भाकरी आणल्या होत्या. इतकी वर्षं ते कुणाला माहीतच नव्हतं. लोक रडले, हसलेसुद्धा.

2025 च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात परंडा-भूमकडे सीना नदीला पूर आला, शेतातली माती खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. आमच्या गावातून टेम्पो निघाला तेव्हा त्यात काय भरायचं हे चुलतीनं आणि तिच्या वयाच्या बायकांनी ठरवलं. जुने कपडे एकही नाहीत, 93 साली त्यांचे ढीग येऊन पडले होते आणि कुणाच्या उपयोगाचे नव्हते. भांडी, पीठ, काडेपेट्या, बायकांना लागणाऱ्या वस्तू, लेकरांची वह्या-पुस्तकं, आणि जनावरांना कडबा. तरुण पोरं फक्त उचलून ठेवत होती.

तुम्ही जे लिहून घ्याल त्याच्या प्रती काढा. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, आणि ज्याचं त्याचं पान ज्याच्या त्याच्या घरी. दरवर्षी मेच्या मध्यावर, वादळाचे दिवस सुरू होताना, त्या वहीतली चार घरं निवडून त्यांना बोलवा आणि गावातली कच्ची छपरं, धोक्याची झाडं, निवाऱ्याची शाळा त्यांच्याकडून बघून घ्या. 3 जूनचा कार्यक्रम ठेवायचा की नाही, ठेवला तर सकाळी की संध्याकाळी, हेही त्याच लोकांना ठरवू द्या. त्या तारखेला काहींना गर्दीत बसवणार नाही. त्यांना घरी राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन बसा त्यांच्यापाशी.